लग्नाच्या बस्त्यापलीकडचे गांधीनगर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड बाजारपेठेतील वाहतूक कोंडीच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र लग्नाचा बस्ता बांधायला जिथे अवघा जिल्हा लोटतो, ते गाव मुळात वसले कसे, याविषयी क्वचितच काही छापून येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड ताब्यात घेतल्यावर तेथील असंख्य कुटुंबांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. त्यांतून सुटून इराणमार्गे भारतात आलेल्या सुमारे ५,००० जणांची, त्यातही मुख्यतः स्त्रिया आणि मुलांची, वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे, मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत उभी राहिली. (जामनगरजवळच्या बालाचडी येथील पोलिश मुलांची छावणी वेगळी, या दोन्हींची गल्लत नेहमी होते.) शाळा, चर्च, दवाखाना असलेले हे छोटेखानी पोलिश गाव १९४८ मध्ये रिकामे झाले. फाळणीत सिंध सोडावे लागलेली कुटुंबे त्याच बराकींत राहायला आली आणि वळिवड्याच्या कॅम्पचे गांधीनगर झाले. माझ्या वडिलांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘कॅम्प’ हाच शब्द होता.

पोलिश निर्वासितांची आठवण जपली गेली, याचा आनंदच आहे. कोल्हापुरातील महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी अभिवादन केले, तेव्हा आपल्याकडेही त्याची चर्चा झाली. पण त्याच छपरांखाली, तितक्याच रिकाम्या हातांनी आलेल्या सिंधी कुटुंबांचे काय? आपण त्यांना ओळखतो ते केवळ कापडाचे व्यापारी म्हणून, भावात घासाघीस करण्यापुरते. पाच वर्षे राहून गेलेल्यांचा इतिहास आपण सांगतो आणि पाऊणशे वर्षांहून अधिक काळ शेजारी नांदलेल्यांचा विचारतही नाही, हे मला खटकते.

वळिवडे स्थानकावर मराठी, सिंधी व पोलिश भाषांत या वसाहतीचा संपूर्ण वृत्तान्त सांगणारा फलक लावावा, अशी रेल्वे प्रशासनाला विनंती आहे. लहानपणी त्या बराकींत आलेले लोक आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या आठवणी शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने विद्यार्थ्यांकरवी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, आणि तोवर आपल्या रविवार पुरवणीने दर आठवड्याला अशा एका कुटुंबाला जागा द्यावी.

आपला,
एक वाचक, उचगाव (ता. करवीर)