छापायला दिलं आणि ‘ऱ्य’ हरवला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘ई-पुस्तक तयार असेल तर ते छापून घेणं हे एका दिवसाचं काम,’ असं आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचलं आणि हसू आलं. मी दापोली तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझा तो एक दिवस सात महिने चालला.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं. त्यानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. हातात काम नव्हतं म्हणून हर्णै-पाजपंढरीच्या जुन्या मंडळींकडून वाऱ्यांची, भरती-ओहोटीची, जाळ्यांची नावं वहीत उतरवून घेतली. पुढे ती फोनवर टाइप केली, भाच्यानं पुस्तक किंडलवर चढवलं. चार वर्षांत ६३ प्रती खपल्या. मी खूश होते.

मग एका संध्याकाळी हर्णै बंदरावर लिलाव चालू असताना, जिच्याकडून मी निम्मे शब्द घेतले त्या मावशीनं टोपलीवरून मान वर करून विचारलं, “बाई, माजा फोटो हाय म्हनतात त्या पुस्तकात. मंग पुस्तक कुठाय?” मी फोन पुढे केला. तिनं आपल्या ओल्या, खवलं चिकटलेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे.” गावच्या वाचनालयातही वेगळं काही घडलं नाही. “दाखल नोंदवहीत काय लिहू, बाई? कपाटात काय ठेवू?” ग्रंथपालांचंही बरोबरच होतं.

म्हणून छापायचं ठरवलं. फोनवर आपण लिहितो ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात. पण संगणकावर पानं जुळवणारे पुष्कळ डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टवर काम करतात, त्यामुळे मजकूर आधी त्यांच्या फॉन्टमध्ये ‘कन्व्हर्ट’ होतो. या उलथापालथीत माझा अख्खा ‘ऱ्य’ बुडाला. समुद्रावरच्या पुस्तकात ‘ऱ्य’ नाही असं पान शोधून दाखवा! किनाऱ्यावर, वाऱ्यानं, तिसऱ्या, सगळीकडे त्या अक्षराच्या जागी रफार. मतलई वाऱ्याबद्दल मी लिहिलं होतं, ‘सह्याद्रीच्या दऱ्यांतून उतरून हा वारा पहाटे समुद्राकडे जातो.’ प्रुफात ‘दर्यांतून’ आलं. एका अक्षरापायी सह्याद्रीत समुद्र शिरला. ऑपरेटर म्हणाला, “वाचणाऱ्याला कळतं हो, बाई.” बोलताना ‘ऱ्य’ त्यानं अगदी व्यवस्थित उच्चारला. मी लाल पेन घेऊन बसले. ४१२ ठिकाणी खुणा झाल्या.

बाकीचेही घोळ झाले. पान ४३ वर ‘चित्रासाठी येथे स्पर्श करा’ ही ओळ जशीच्या तशी उतरली होती. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले. फोनवर ते झकास दिसायचे, पण छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे ८०० ठिपके रुंदीचा फोटो जेमतेम पावणेतीन इंचांचा होतो. तो ताणून पानभर केला तर पापलेट की पायपुसणं ते ओळखू येत नाही. शब्दसूचीनं मात्र खरा घाम काढला. ई-पुस्तकात शब्द शोधता येतो, तिथं पानाचा आकडा लागतच नाही. छापील पुस्तकात तो लागतो, आणि दुरुस्तीत एक परिच्छेद जरी सरकला तरी पुढचे सगळे आकडे चुकतात. सूची मी तीनदा केली. तेव्हा नव्यानं लिहिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की सूची अगदी शेवटी करा.

पुस्तक भरलं १६३ पानं. फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घालायचा मोठा कागद, सोळा पानांचा; दहा फर्म्यांत १६० पानं बसतात. तीन पानांसाठी अकरावा फर्मा कोण घेणार? माझं मनोगत कापलं. फारसं काही बिघडलं नाही.

आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचं, आवर्जून सांगते. छापील आवृत्तीला वेगळा क्रमांक लागतो, ई-पुस्तकाचा चालत नाही. पुस्तकाचं सगळं करून देणाऱ्या एका ‘पॅकेज’वाल्यानं माझ्याकडे त्याचे वेगळे पैसे मागितले. प्रत्यक्षात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी हा क्रमांक मोफत देते, आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. शिवाय प्रकाशक आपणच असल्यामुळे १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवावी लागते. आपल्या लेखात यातलं काहीच नव्हतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

बांधणी मी हट्टानं शिलाईची घेतली. आमच्याकडच्या पावसात नुसत्या गोंदावरचं पुस्तक गणपतीपर्यंत टिकलं तर नशीब. ३०० प्रती काढल्या. पहिली प्रत बंदरावर नेऊन दिली. मावशीला वाचता येत नाही, पण नातीला शेजारी बसवून तिनं पानं उलटायला लावली. स्वतःच्या फोटोकडे तिनं फार वेळ पाहिलंच नाही. वाऱ्यांच्या चित्रांवर मात्र तिचं बोट थांबलं. “ह्यो बाण उलटा हाय, बाई. खारा दर्याकडनं येतो, मतलय डोंगराकडनं.” दोन चित्रांची अदलाबदल झाली होती. भाच्याला फोन करून विचारलं, तर ई-पुस्तकातही चार वर्षं ती तशीच होती. ६३ जणांपैकी कुणी एका शब्दानं कळवलं नव्हतं. आणि अक्षरं तपासता तपासता बाणांकडे माझंही लक्ष गेलं नव्हतं.

ई-पुस्तकातली चूक भाच्यानं त्याच रात्री दुरुस्त केली. छापील प्रतींसाठी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या कापून खळीनं चिकटवते आहे. आज सकाळपर्यंत १८५ झाल्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी