भाऊसाहेब, तो अंगठा थांबवलात म्हणून

नमस्कार भाऊसाहेब,

तुमचं नाव लिहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण अपंगत्व असलेल्या प्रौढ भावाचा कायदेशीर पालक कसा नेमायचा, हे निवृत्तीनंतर घरच्या कट्ट्यावर बसून तुम्ही आम्हाला जसं समजावून सांगितलंत, तसं आधी कुणी धड सांगितलं नव्हतं. आमच्यासारखी घरं सांगली जिल्ह्यात बरीच असतील.

वडील गेले आणि सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांच्या जागी आई, मी आणि धाकटा भाऊ अशी वारस नोंद झाली. धाकट्याला डाउन सिंड्रोम आहे, वय पस्तिशीच्या पुढं. लगोलग नात्यातलेच एकजण हक्कसोडपत्र टाईप करून घेऊन आले. "त्याला काय कळतंय? अंगठा घ्या, पुढची कटकट मिटली." आई इतकी थकली होती की हो म्हणायच्या बेतात होती. तुम्ही कागद शांतपणे वाचलात, घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, "त्याला काही कळत नाही असं तुम्हीच म्हणताय. मग त्याचा अंगठा कायद्यापुढं टिकणार कसा?" ते गृहस्थ चहा न घेताच उठले.

त्यानंतर तुम्ही आईला जे सांगितलंत ते मी वहीत उतरवून घेतलं. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-बापाचं कायद्यातलं पालकत्व संपतं, मग मूल कसंही असो. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते: अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः अपंगत्व असलेली एक व्यक्ती. अर्ज आईनं करायचा आणि पालक म्हणून पसंतीच्या माणसाचं नाव सुचवायचं. आईनं माझं नाव दिलं. त्याआधी एका वकिलांनी आम्हाला थेट जिल्हा न्यायालयाचा रस्ता दाखवला होता, फीच्या आकड्यासकट; त्याची गरजच पडली नाही.

अर्ज भरताना मी "सर्व बाबींसाठी" असं लिहायला निघाले होते. तुम्ही माझं पेन अडवलंत. पालक नेमण्याची गरज आहे का आणि कशासाठी, हे दोन्ही समितीनं तपासायचं असतं, म्हणून नेमकं लिहा म्हणालात: जमिनीचा हिस्सा, बँक, औषधोपचार, आणि आईनंतर त्याला मिळू शकणारं कुटुंब निवृत्तिवेतन. मग खुर्ची वळवून धाकट्यालाच विचारलंत, "काय रे, तुझे पैसे कुणी सांभाळायचे?" तो म्हणाला, "ताईनं. पण चहाचे माझ्याकडं." तुम्ही हसला नाहीत. "बरोबर आहे, ते तुझ्याकडंच," म्हणालात. इतक्या वर्षांत त्याच्या पैशांबद्दल त्यालाच विचारणारे तुम्ही पहिले. चहाचे पैसे आजही त्याच्याच खिशात असतात आणि टपरीवाला सुटे परत देताना त्याच्याच हातावर ठेवतो.

मला पालक नेमल्याचा समितीचा आदेश हातात आल्यावर बँकेनं पुन्हा "कोर्टाचा कागद आणा" सुरू केलं. समितीचं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेनं कळवलेलं आहे. त्या परिपत्रकाची प्रत तुम्ही माझ्या पिशवीत आधीच घातली होती. मॅनेजरनी ती वाचली आणि खातं झालं.

मला खरा धाक घातलात तो हिशेबाचा. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. पालकानं हयगय केली किंवा पैसे खाल्ले, तर नातेवाईक किंवा संस्था तक्रार करू शकतात आणि समिती पालक बदलू शकते. हे ऐकून मला जरा लागलं होतं, सख्ख्या बहिणीवर कसला संशय! तुम्ही एवढंच म्हणालात, "हक्कसोडपत्र घेऊन आलेलेही सख्खेच होते."

शेजारच्या वहिनींच्या वतीनंही आभार मानते. त्यांचे यजमान अपघातानंतर कोमात आहेत. हा कायदा त्यांना लागू होत नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलंत. कोमातल्या माणसासाठी पालक नेमण्याचा वेगळा कायदाच आपल्याकडं नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. त्या बिचाऱ्या उगाच जिल्हाधिकारी कार्यालयाचे जिने चढत राहिल्या असत्या. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, म्हणून निदान मुंबईची वारी तरी टळली.

या वर्षीचा जमाखर्च लिहून झाला आहे. औषधांच्या दोन पावत्या सापडत नाहीत, त्या रकान्यात काय लिहायचं ते विचारायला रविवारी धाकट्याला घेऊन येते. येताना भडंग आणणार आहे, त्याला मात्र नाही म्हणू नका.

आपली,
धाकट्याची ताई