टर्बो पुन्हा न उतरवता बूस्ट परत आणून दिलात, मिस्त्रीकाका

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

गाडीचा टर्बो साफ करून, नवी गॅस्केट टाकून परत बसवला आणि बूस्टच (टर्बो इंजिनात हवा भरतो तो जादा दाब) येईना, तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी सांगितलंत की पान्हा खाली ठेवा, गेज लावा आणि आकडा सांगा. हे पत्र त्या सल्ल्यासाठी आणि त्यापुढे तुम्ही जे समजावलंत त्यासाठी आहे. ते उघडपणे लिहितो आहोत, कारण याच जागी अडकलेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बूस्ट पाहू नका, हे तुम्ही बजावलंत ते फार बरं झालं. इंजिनवर भार नसला की एक्झॉस्टमध्ये टर्बाइन (टर्बोचं एक्झॉस्टवर फिरणारं चाक) जोरात फिरवण्याइतकी ताकदच नसते, त्यामुळे धडधाकट टर्बोसुद्धा मेल्यासारखा वाटतो. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि शेजारी बसलेल्याने आकडा वाचायचा. स्कॅनर मॅप सेन्सरचा (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर) दाब निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, दाखवतो हेही ध्यानात ठेवायचं. इंजिन बंद आणि चावी चालू असताना समुद्रसपाटीला तो साधारण १०० किलोपास्कल असतो. म्हणजे १५० दिसले तर खरा बूस्ट ०.५ बार. इंजिन बंद असतानाच आकडा भलता येत असेल, तर टर्बोकडे न जाता आधी सेन्सर आणि त्याचा प्लग तपासायचा.

आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती तुमची आकडा वाचायची पद्धत. किती बूस्ट उरला आहे यावरून बिघाडाची जागा कळते. प्रेशरवर चालणाऱ्या वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला टाळून सोडणारं झाकण) गाडीत बूस्ट ०.४ बारसारख्या एका ठरावीक आकड्यावर येऊन दर वेळी तिथेच थांबत असेल, तर टर्बो ठीक आहे. ॲक्च्युएटरची (रॉडने वेस्टगेट हलवणारा डबा) स्प्रिंग एवढाच दाब धरते, त्यापुढचा बूस्ट सोलेनॉइड (ॲक्च्युएटरकडे जाणारा दाब कमी-जास्त करणारा विजेचा व्हॉल्व्ह) वाढवतो. अशा वेळी सोलेनॉइडच्या तीन नळ्या अदलाबदल झाल्यात का आणि त्याचा प्लग नीट बसला आहे का, एवढंच पाहायचं. बूस्ट उशिरा येतो, कमी भरतो आणि सोबत फुसफुस ऐकू येते, तर गळती. आणि आकडा शून्याच्या आसपासच घुटमळत असेल तर कारणं मोजकी आहेत: वेस्टगेट उघडा राहिला आहे, शाफ्ट अडकला आहे, एखादा मोठा होज निघाला आहे, नाहीतर वाट बुजली आहे. वाट बुजण्यात काम करताना इनटेक पाइपात कोंबलेलं आणि तिथेच विसरलेलं फडकंही येतं. ते शोधायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ते आधी.

आमचा आकडा जेमतेम ०.१ बार होता. तुम्ही लगेच विचारलंत, कॉम्प्रेसर हाउसिंग (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूचं कवच) फिरवून बसवलंय का? दोष नेमका तिथेच होता. ॲक्च्युएटरचा ब्रॅकेट कॉम्प्रेसर हाउसिंगवर असतो आणि वेस्टगेटचा दांडा टर्बाइन हाउसिंगवर. जोडताना ही दोन हाउसिंगं एकमेकांच्या तुलनेत थोडी जरी फिरली, तरी रॉडला गाठायचं अंतर बदलतं. रॉड लांब पडला तर झाकण सीटवर टेकतच नाही आणि एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. उतरवण्याआधी दोन्ही हाउसिंगांवर आणि मधल्या भागावर पंचने खूण करायची, हे आता आम्ही कधी विसरणार नाही.

जुळवणीही तुम्ही नेमकी सांगितलीत. रॉडची क्लिप काढून रॉड पिनवरून सोडवायचा. वेस्टगेटचा दांडा हाताने पूर्ण बंद दाबून धरायचा. अशा स्थितीत रॉडचं भोक पिनच्या १ ते ३ मिमी अलीकडे थांबलं पाहिजे आणि स्प्रिंगविरुद्ध ओढूनच ते पिनवर चढलं पाहिजे. भोक सहज बसत असेल तर प्रीलोड (झाकण बंद दाबून धरणारा स्प्रिंगचा ताण) नाही, भार येताच झाकण उघडणार. एम६ आट्यांच्या टोकाला पूर्ण एक फेरा म्हणजे १ मिमी, म्हणून एका वेळी अर्धाच फेरा द्यायचा. नेमकं माप कंपनीच्या मॅन्युअलमधलं धरायचं. जास्त आवळण्याचा मोह आवरा, असं तुम्ही दोनदा म्हणालात, तेही रास्तच. प्रीलोड वाढला की वेस्टगेट उशिरा उघडतो, स्कॅनरवर पी०२९९ (कमी बूस्टचा कोड) जाऊन पी०२३४ (जादा बूस्टचा कोड) येतो, आणि कमी बूस्टपेक्षा जादा बूस्ट इंजिनला कितीतरी घातक. शेवटी हातपंपाने ॲक्च्युएटरला दाब देऊन रॉड कुठे हलायला लागतो आणि दाब टिकतो का, ते पाहायचं. दाब उतरत गेला तर डायफ्राम फाटलाय.

डिझेलच्या व्हेरिएबल टर्बोबद्दल (यात टर्बाइनभोवतीची हलती पाती बूस्ट ठरवतात) तुम्ही सांगितलंत ते वेगळं नोंदवतो, कारण तिथे गणित उलटं आहे. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरमध्ये व्हॅक्यूम मिळाला की पाती मिटतात आणि बूस्ट वाढतो. व्हॅक्यूम गेला की पाती उघडतात आणि बूस्ट शून्याकडे जातो. इंजिन सुरू होताच रॉड आत ओढला जायला हवा. तो हलतच नसेल तर टर्बो सोडून व्हॅक्यूमच्या नळ्यांच्या मागे लागायचं. रॉड छान हलतोय आणि तरीही बूस्ट नाही, तर पुन्हा जोडलेल्या टर्बोत एक छुपी चूक असू शकते: आतल्या लिव्हरची पिन पाती फिरवणाऱ्या रिंगच्या खाचेत बसलेलीच नसते. बाहेर सगळं सुरळीत दिसतं, आत पाती जागची हलत नाहीत. टर्बो खरोखर पुन्हा खोलावा लागतो तो इथे.

गळतीच्या चाचणीत तुम्ही दिलेल्या सूचना इतरांनीही पाळाव्यात. एअर फ्लो सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या तोंडाशी बूच लावून रेग्युलेटरने ०.५ बार हवा द्यायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाकायचं. क्रँककेस ब्रीदरची नळी आधी बंद करायची आणि ऑइल टाकायचं झाकण उघडं ठेवायचं, नाहीतर तो दाब इंजिनच्या ऑइल सीलवर येतो. होजसमोर तोंड नेऊन वाकायचं नाही. हवा इंजिनाच्या आतून जात असेल तर एखादा व्हॉल्व्ह उघडा असणार, क्रँक थोडा फिरवून पुन्हा पाहायचं. होजची तोंडं क्लॅम्प लावण्याआधी ब्रेक क्लीनरने पुसायची, कारण तेलकट रबर बूस्टखाली सरकून निघतं.

ऑइलच्या बाबतीत तुम्ही फार कडक होतात आणि त्याबद्दल तुमचे विशेष आभार. ऑइलच्या फ्लँजला सिलिकॉन सीलंट लावायचा नाही, कारण त्याचा तुकडा सुटून बारीक वाट बुजवतो. वरच्या भोकातून स्वच्छ ऑइल भरून शाफ्ट हाताने फिरवायचा. मग इंधन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारायचा. एवढं न करता इंजिन पेटवून रेस केलं, तर कोरड्या बेअरिंगवर शाफ्ट काही सेकंदांत खराब होऊ शकतो. शाफ्टला आडवा थोडा खेळ असतोच, तो पाहून घाबरू नका, पण पुढे-मागे हललेला हाताला जाणवला किंवा चाक हाउसिंगला घासलं तर गाडी चालवायची नाही, हा फरकही तुमच्याकडूनच स्पष्ट झाला.

रॉड अडीच फेरे आखूड केल्यावर बूस्ट ०.८ बारला पोहोचला आणि तिथे स्थिर राहिला. लॉकनट आवळल्यावर तुम्ही नट आणि रॉडवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायला लावलीत, म्हणजे नट सरकला तर न खोलता कळेल. ती रेघ अजून सरळ आहे, काका.

आपले ऋणी,
टर्बो जोडणारे आम्ही सगळे