ताई, एचएसपी६० मला तुझ्यामुळे कळलं

ताई, परवा थिसिस सबमिट केला. आभाराच्या पानावर तुझ्यासाठी जेमतेम एक ओळ आली, ती काही मला पुरेशी वाटत नाहीये म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

लॅबमध्ये आले तेव्हा यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात एचएसपी६० नावाचं शॅपरोन असतं आणि ते प्रोटीन फोल्ड व्हायला (म्हणजे घड्या पडून नेमका आकार घ्यायला) मदत करतं एवढंच पाठ होतं. तू १९८९ चा नेचर जर्नलमधला हॉर्विच आणि हार्टल यांचा पेपर समोर ठेवलास आणि म्हणालीस, निष्कर्ष नंतर वाच, आधी जेल बघ (प्रोटीन साइझप्रमाणे वेगळे होऊन पट्ट्या, म्हणजे बँड, दिसतात तो फोटो). हॉर्विच मुळात लहान मुलांचे डॉक्टर, माणसाच्या लिव्हरमधलं ओटीसी एन्झाइम (जे कमी पडलं की बाळाच्या रक्तात अमोनिया वाढतो) ते यीस्टमध्ये घालून बघत होते, आणि त्यातून एमआयएफ४ म्युटंट सापडला, म्हणजे एचएसपी६० चं जीन बिघडलेलं यीस्ट, २३ डिग्रीला नीट वाढणारा आणि ३७ ला बंद पडणारा. ३७ ला ओटीसी आत जातंय, पुढचा लीडर (आत जायचा पत्ता सांगणारा तुकडा) कापला जातोय, बँड बरोब्बर साइझला दिसतोय, पण एन्झाइम काम करत नाही! तेव्हा तू जे बोललीस ते अजून कानात आहे, "बँड दिसला म्हणजे प्रोटीन पोचलं एवढंच, तयार झालं असं नाही." बाहेरून येताना प्रोटीन उलगडूनच यावं लागतं, पायजम्यात नाडी ओवतात तसं, आणि आत आल्यावर त्याला पुन्हा आकार द्यायला एचएसपी६० लागतं, सात-सात सबयुनिटच्या (सारख्या तुकड्यांच्या) दोन रिंगा, वर एचएसपी१० या छोट्या प्रोटीनचं झाकण, खर्चाला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन. प्रोटीन आपलं आपणच फोल्ड होतं हे तोवर सगळे धरून चालले होते, आणि टेस्ट ट्यूबमध्ये पुष्कळ प्रोटीन होतातही. पण पेशीतल्या गर्दीत ते एकमेकांना चिकटून गोळा होतात.

मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट पण तूच दाखवलीस, की नवीन एचएसपी६० ची रिंग जुळायला आधीचं चालू एचएसपी६० लागतं, म्हणजे ही मशिनरी शून्यातून सुरूच होत नाही, आई-पेशीकडूनच यावी लागते. आणि ग्लुकोजवर यीस्ट मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गमावूनही जगतं, तरी एचएसपी६० गेलं की मरतं, कारण आयर्न-सल्फर क्लस्टर (कितीतरी एन्झाइमना लागणारे लोह-गंधकाचे छोटे गट) बनवायचं काम मायटोकॉन्ड्रियातच चालतं. हे कळल्यावर मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पॉवरहाऊस हे शाळेतलं वाक्य मला फारच अपुरं वाटायला लागलं.

आणि यीस्टमधून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढायचं ते प्रेप! झायमोलिएजनंतर (यीस्टची भिंत विरघळवणारं एन्झाइम) थोडे सेल पाण्यात टाकून ओडी, म्हणजे गढूळपणा, पडतोय का बघायचं, मग सगळं बर्फावर, सेल फोडायच्या काचेच्या डाउन्सचे स्ट्रोक सावकाश, शेवटी तो तळाशी बसलेला मायटोकॉन्ड्रियाचा तपकिरी पेलेट टोक कापलेल्या टिपने हळूच उचलायचा, जोरात पिपेट केलं की फुटलंच समज. रात्री उशिरापर्यंत तू शेजारी उभी राहून हे करून घेतलंस, तेही तुझं स्वतःचं पेपरचं रिव्हिजन चालू असताना. हे कोणी करत नाही गं.

माझा अर्धा थिसिस प्रोटीन विद्राव्य किती आणि गोळा होऊन पेलेटमध्ये किती याच प्रश्नावर उभा आहे आणि तो प्रश्न तुझा आहे. मनापासून थँक्यू ताई. पुण्याला आलीस की कळव, लॅबमध्ये दोन नवीन मुली आल्यात, त्यांना तो जेल तुझ्याच तोंडून समजून घ्यायचाय.