शमूला पत्र

अहमदनगर,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय शमू,

सलाम आणि पापा.

काल पहाटे तू प्रार्थना न करताच निघालास. आपल्या घरातून असं कुणी कधी गेलेलं नाही. तेच मनात सलतंय. वादाबद्दल लिहिणार नाही, असं ठरवून बसले आहे.

पण एक सांगते. जेवताना तू म्हणालास, बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला आणि दुसरा अध्याय वेगवेगळ्या हातचे आहेत. पप्पांना वाटलं, पोरगं वचनच खोटं ठरवतंय. मला तसं वाटलं नाही. पहिल्यात झाडं तिसऱ्या दिवशी, जनावरं माणसाच्या आधी, स्त्री-पुरुष दोघं एकदमच. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग जनावरं, शेवटी फासळीतून स्त्री. हे कुणालाही दिसतं. लहानपणी तूच विचारलं होतंस, सूर्य चौथ्या दिवशी झाला तर आधीचे तीन दिवस मोजले कुणी? ओरिजेन या जुन्या ख्रिस्ती पंडितालाही तिसऱ्या शतकात हाच प्रश्न पडला होता, हे तुझ्या पुस्तकात वाचलं आणि शेजारच्या शेवंतामावशींना जाऊन सांगून आले. संत ऑगस्टीनने उत्पत्तीच्या पहिल्या तीन अध्यायांवर 12 खंड लिहिले. देवाने सगळं एकदमच उत्पन्न केलं, असं त्याचं मत. या दोघांची प्रार्थना काही सुटली नाही. तुझी सुटली आहे का रे?

ज्यांनी ग्रंथ जुळवला त्यांना हा फरक दिसला नसेल? एक अध्याय गाळणं सोपं होतं. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले. टेशियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या शतकात चार शुभवर्तमानांचं, म्हणजे येशूच्या चार चरित्रांचं, एकच केलं, सिरियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत ते वाचलंही जायचं, तरी मंडळीने शेवटी चारच राखली. म्हणून खरा अध्याय कुठला ते विचारण्याआधी, तो कुणासाठी सांगितला ते विचार. इ.स.पू. 586 च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, माणसं बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, कैद करून नेली. पहिला अध्याय त्याच काळात आकाराला आला, असं तुमचे बायबलचे बरेच अभ्यासक म्हणतात ना? बाबेलात सूर्यचंद्र देव होते, आणि हा अध्याय त्यांची नावंसुद्धा घेत नाही. मोठी ज्योती, लहान ज्योती, बस्स. सगळं गमावलेल्यांना तो हवा होता.

लागले बघ शिकवायला. रागावू नकोस, शाळेतली सवय.

तुझं ते बोलणं ऐकून आजी ताटावरून का उठली, ते तुला माहीत नाही. तू जन्मलास तेव्हा रडलाच नाहीस, निळा पडला होतास. नर्सबाई तोंडाने श्वास देत होत्या, आणि आजी दाराशी उभी राहून दुसऱ्या अध्यायातलं सातवं वचन मोठमोठ्याने म्हणत होती. मातीचा माणूस, नाकपुड्यांत जीवनाचा श्वास. डॉक्टर ओरडले तरी थांबली नाही. तू रडलास तेव्हा ती खालीच बसली. तो अध्याय कुणीही लिहिलेला असो, आमच्या घरात तो तिचा आहे. तुझ्या गुरुजींनी दोन नाही, दहा लेखक शोधले तरी मला चालेल. फक्त तिच्यासमोर जरा जपून बोल.

हिब्रू, उत्पत्तीची मूळ भाषा, चांगलं शिक. आपल्या घरात आजवर कुणाला ते वाचता आलेलं नाही. पप्पा बोलत नाहीत, पण तुझी वही उघडून ती अक्षरं बघत होते.

आजीला रविवारी उपासनेनंतर फोन कर. ते सातवं वचन तिला हिब्रूत वाचून दाखव. आणि झोपण्याआधी प्रार्थना करतोस की नाही, तेवढं मला कळव. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
आई