श्टामटिशवर आजी

महोदय,

जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळच्या खेड्यात लेकाकडे तीन महिने राहून आले. तिथल्या खानावळीत कोपऱ्यातलं टेबल ‘श्टामटिश’, म्हणजे रोजच्या मंडळींचं. मला काय ठाऊक, मी खुशाल बसले! कुणी उठवलं नाही. तेवढ्यात सामना हरलेली गावची फुटबॉल टीम आली. जेवायला मसुराची आमटी, तीही व्हिनेगर घातलेली, आणि श्पेट्झल, म्हणजे अंड्याच्या जाडसर शेवया. सॉसेज मी बाजूला सारलं. म्हातारे कानवाल्या पेल्यातून पाव लिटर वाइन पीत पोरांच्या चुका काढत होते. जर्मनीत सात सभासद जमले की क्लबासारखी संस्था नोंदवता येते. नातीचं जिम्नॅस्टिक्स आणि या म्हाताऱ्यांची कवायत, दोन्ही एकाच क्लबात. श्टुटगार्ट 1968पासून मुंबईचं भगिनी-शहर. मग आमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत साठीपुढच्यांना सकाळचा एक तास का मिळू नये?

– एक आजी, दादर