पाळी बारा तासांची, मर्यादा आठ तासांची: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कारखान्यांच्या हवेतील रसायनांच्या कमाल मर्यादा नव्या नियमांत ठरवण्याबाबत

महोदय,

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. पुढे 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली. तिच्या कलम 88 प्रमाणे कारखान्याच्या हवेत कोणते रसायन जास्तीत जास्त किती चालेल, हे आता राज्य सरकारने ठरवायचे आहे. मंत्रालयात हे दोन विषय दोन वेगळ्या फायलींत असतील. सोलापूरच्या यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत ते एकत्र येतात.

आजवर हे आकडे 1948 च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत होते. भोपाळच्या वायुकांडानंतर 1987 च्या दुरुस्तीने ती अनुसूची कायद्यात आली. तिच्यात दोन रकाने आहेत: एक आठ तासांच्या सरासरीचा, दुसरा 15 मिनिटांच्या थोड्या वेळेचा. नवे नियम करताना हाच तक्ता उचलून नव्या कागदावर चिकटवला जाईल, अशी आम्हाला भीती वाटते.

आठ तासांचा अर्थ असा की माणूस आठ तास ती हवा घेईल आणि पुढचे सोळा तास स्वच्छ हवेत राहील. त्या सोळा तासांत शरीर आत गेलेले बरेचसे बाहेर टाकते. पाळी बारा तासांची झाली की आत जाणारे दीडपट होते आणि सावरायला उरतात फक्त बारा तास. यासाठी 1975 साली ब्रीफ आणि स्काला यांनी मांडलेला हिशेब सोपा आहे. आठला पाळीच्या तासांनी भागायचे, उरलेल्या तासांना सोळाने भागायचे, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. बारा तासांसाठी दोन तृतीयांश गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे बरोबर निम्मे. कच्च्या कापसाच्या धुळीची मर्यादा 0.2 मिलिग्रॅम प्रति घनमीटर असेल, तर बारा तासांच्या पाळीला ती 0.1 धरावी लागेल.

आठवड्याचे तास 48 च राहणार, मग हा हिशेब कशाला, असे आपल्याला सांगितले जाईल. शिशासारखा पदार्थ शरीरात दीर्घकाळ साचत जातो, त्याला आठवड्याचा हिशेब लावता येतो. क्लोरीन लगेच झोंबतो. तिथे 15 मिनिटांची मर्यादा महत्त्वाची असते आणि ती पाळीच्या लांबीने बदलत नाही. कापसाच्या धुळीचे तसे नाही. ती त्याच पाळीत छाती आवळते, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत सर्वांत जास्त. बिसिनोसिस या कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची सुरुवात अशीच होते. तेव्हा सरसकट एकच गुणक नको. प्रत्येक रसायनापुढे हिशेब रोजचा, आठवड्याचा की क्षणिक, हे लिहिलेले असावे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अशी वर्गवारी वापरात आहे.

हा प्रश्न कागदावरचा नाही, हे एका उदाहरणावरून दिसेल. समजा, टॉवेलच्या शेडमध्ये मागवाला अकरा तास माग चालवतो आणि तेव्हा हवेत 0.12 मिलिग्रॅम धूळ असते. शेवटचा एक तास तो माग साफ करतो. कॉम्प्रेसरची नळी घेऊन फ्रेमखाली, बीमच्या कडेला, खालच्या चाकांवर हवा मारतो. साचलेली तूस उडून त्याच्याच तोंडाशी येते आणि तेवढा तास धूळ 1.0 वर जाते. अकरा तासांचे 1.32 आणि एका तासाचा 1.0 मिळून 2.32. याला 12 ने भागले तर 0.19 येते, म्हणजे कागदावर कारखाना पास. 8 ने भागले तर 0.29, म्हणजे नापास. निम्म्या केलेल्या 0.1 च्या मर्यादेशी ते 0.19 लावले तर जवळजवळ दुप्पट. माणूस तोच आणि धूळही तीच. कशाने भागायचे ते नियमात लिहिलेले नसेल, तर ज्याला जे सोयीचे त्याने तो भागेल.

याच हिशेबात उपायही दिसतो. त्या एका तासात दिवसभरातली 43 टक्के धूळ आत गेली. कॉम्प्रेसरऐवजी व्हॅक्यूमने साफसफाई केली आणि त्या तासाची धूळ 0.15 वर आली, तर एकूण 1.47 उरते. 8 ने भागून 0.18, 12 ने भागून 0.12. म्हणजे तेवढ्यानेही बारा तासांची पाळी 0.1 च्या मर्यादेत बसत नाही. शोषक पंखे लावावे लागतील किंवा तास कमी करावे लागतील. हवेच्या नळीने माग झाडण्यावर बंदी घालणारे एक वाक्य नियमात आले, तरी कामगाराला उद्यापासून फरक जाणवेल.

मोजण्याच्या पद्धतीबाबत तर नियमाने अजिबात मोकळीक ठेवू नये. नमुना घेताना पंप कंबरेला आणि गाळणी कॉलरला, नाकापासून 30 सेंटिमीटरच्या आत असली पाहिजे. यंत्र दाराजवळच्या टेबलावर ठेवले तर ते दाराची हवा मोजते. पंपाचा प्रवाह आधी आणि नंतर तपासायचा, 5 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो नमुना टाकून द्यायचा. निम्मे माग बंद असताना किंवा लाइट गेलेली असताना घेतलेला नमुना धरायचा नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात शेडची सगळी दारे उघडी असतात आणि पावसाळ्यात ती लावून घेतात. मोजमाप दारे बंद असतानाच व्हावे.

कापसाच्या धुळीचा 0.2 हा आकडा मुळात व्हर्टिकल इल्युट्रिएटर या एका जागी उभ्या ठेवायच्या यंत्रावर बसवलेला आहे. ते मिनिटाला 7.4 लिटर हवा ओढते आणि जाड तूस वगळते. साध्या पंपाने एकूण धूळ मोजली तर त्याच हवेचा आकडा वेगळा येतो. अमेरिकेतील एसीजीआयएच या तज्ज्ञ संस्थेने 2010 मध्ये छातीपर्यंत पोचणाऱ्या धुळीसाठी 0.1 ही शिफारस केली. ती धूळ अंगावरच्या पंपाने मोजता येते. महाराष्ट्राने तीच पद्धत आणि तोच आकडा घ्यावा, असे आमचे मत आहे.

एका नमुन्यावर निकाल देऊ नये. युरोपच्या ईएन 689 या मानकात तीनच नमुने घेतले असतील तर तिन्ही मर्यादेच्या 10 टक्क्यांखाली लागतात, चार असतील तर 15, पाच असतील तर 20 टक्क्यांखाली. त्याहून वर गेले तर किमान सहा नमुने घेऊन सांख्यिकी तपासणी करायची. आपल्याकडे एका नमुन्यात 0.19 आले की फाइल बंद होते.

आकडेही जुने झालेत. हायड्रोजन सल्फाइडला अनुसूचीत आठ तासांसाठी दहा लाखांत 10 भाग आहेत, एसीजीआयएचची शिफारस 1 भागाची. क्लोरीनला आपल्याकडे 1, तिकडे 0.1. फॉर्माल्डिहाइडला आपल्याकडे 1, तिकडे 0.1. फॉर्माल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केले आहे.

हायड्रोजन सल्फाइड आपल्या डाइंगमध्ये कसा तयार होतो, तेही सांगितले पाहिजे. सल्फर ब्लॅक रंगाच्या पाण्यात सोडियम सल्फाइड असते. ते गरम पाणी गटारीत सोडले, आणि शेजारच्या टाकीतले ॲसेटिक ॲसिडचे पाणीही त्याच गटारीत आले, की हा वायू सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. वायू दहा लाखांत 100 भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होते, वास येईनासा होतो, आणि गेला असे वाटून माणूस सांडपाण्याच्या खड्ड्यात उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. आठ तासांची सरासरी इथे कुणाला वाचवत नाही. दोन पाण्यांसाठी दोन वेगळ्या वाटा आणि खड्ड्यात उतरण्यापूर्वी वायुमापक, हे बंधनकारक करावे.

रिॲक्टिव्ह रंगांच्या पुडीला तर अनुसूचीत आकडाच नाही. पण ही पुडी श्वासातून गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की मग चिमूटभरही पुरते. रंग तोलणारा बॅरलमध्ये वाकून मगाने पुडी काढतो, तेव्हा त्याच्या मिशीवर निळा थर दिसतो. जिथे सुरक्षित आकडा ठाऊक नाही, तिथे पद्धत ठरवून द्यावी: तोलकाट्यावर किमान सेकंदाला अर्धा मीटर वेगाने ओढणारा हूड, पुडीऐवजी दाणेदार किंवा द्रव रंग, आणि सांडलेले कोरड्या झाडूने न झाडणे. हायड्रोस या रंगकामातल्या पुडीच्या डब्यात ओला मग घालू नये, हेही त्याच पानावर यावे. ओलीने तो तापतो, सल्फर डायऑक्साइड सोडतो आणि पेटतो.

मिश्रणांचा नियम आपल्या निरीक्षकांनी लावायला हवा. सल्फर डायऑक्साइड 2 च्या मर्यादेपैकी 1 आणि ॲसेटिक ॲसिड 10 च्या मर्यादेपैकी 6 असेल, तर दोन्ही स्वतंत्रपणे मर्यादेत आहेत. पण दोन्ही एकाच घशाला झोंबतात. अर्धा अधिक 0.6 म्हणजे 1.1. बेरीज 1 च्या वर गेली, म्हणजे मर्यादा ओलांडली.

नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 20 कामगार असले तरच कारखाना धरला जातो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी शेडमध्ये तेवढी माणसे नसतात. धोकादायक कामाच्या ठिकाणी संख्येची अट न पाहता संहिता लावण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. रंगकाम आणि सुताची कामे त्यात यावीत, अशी शिफारस आपण करावी. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलांत विडी वळणाऱ्या बायकांना तर कुठलीच अनुसूची लागू नाही. तंबाखूतले निकोटीन कातडीतूनही आत जाते, त्यामुळे नुसती हवा मोजून त्यांचे भागणार नाही. त्यांच्यासाठी हातमोजे, तंबाखू ठेवायला वेगळी जागा आणि वर्षातून एक तपासणी, एवढे तरी कल्याण निधीतून करता येईल.

नियमांचा मसुदा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या संकेतस्थळावर मराठीत टाकावा आणि हरकतींसाठी पुरेसा वेळ द्यावा. रसायनांच्या डब्यांवरची धोक्याची सूचना मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही बंधनकारक करावी. सोलापूरच्या मागांवर आणि डाइंगमध्ये घरी तेलुगू बोलणारे कामगार फार मोठ्या संख्येने आहेत, आणि डब्यावरचे इंग्रजी लेबल त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नाही.

आपले,
सोलापुरात औद्योगिक आरोग्याचे काम करणारे काही जण